ठेव मोडून फुल-फ्रेम कॅमेरा घ्यावा का?

रात्रीचे आकाश आणि निसर्गदृश्ये टिपण्यासाठी मुदत ठेव मोडून फुल-फ्रेम कॅमेरा (प्रकाश टिपणारा सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा असलेला) घ्यावा, कमी पडणारी रक्कम हप्त्यांवर टाकावी आणि छायाचित्रे विकून ते हप्ते भागवावेत, असा आपला विचार आहे. सध्या आपल्याकडे एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचा कॅमेरा, त्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स आणि एक हलका ट्रायपॉड आहे. ही ठेव म्हणजे अडीअडचणीसाठीची एकमेव शिल्लक असल्याचे आपणच कळवले आहे. ती मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्चच करू नये, असे मात्र मी म्हणणार नाही. रात्रीच्या छायाचित्रणात खरी चणचण प्रकाशाची असते. पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे तासाला सुमारे १५ अंश सरकताना दिसतात, त्यामुळे शटर हवे तितका वेळ उघडे ठेवता येत नाही. प्रचलित ५०० च्या नियमाने (५०० ला लेन्सच्या मिमीने आणि लहान सेन्सरसाठी आणखी सुमारे दीडने भागले की तारे न लांबता शटर किती सेकंद उघडे ठेवता येईल, याचा ढोबळ अंदाज येतो) आपल्या कॅमेऱ्यावर १८ मिमीला जेमतेम १८ सेकंद मिळतात, आणि चोखंदळ नजरेला ताऱ्यांच्या रेघा त्याआधीच दिसू लागतात. फुल-फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ आपल्या सेन्सरच्या साधारण सव्वादोनपट असते, हे खरे. पण एफ ३.५ ऐवजी एफ १.८ ची लेन्स लावली (एफचा आकडा लहान, तितके लेन्सचे छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर मोठे), तर आहे त्याच सेन्सरवर जवळजवळ चौपट प्रकाश पडतो. शिवाय आपली सध्याची लेन्स फुल-फ्रेमचा संपूर्ण सेन्सर व्यापत नाही, म्हणजे बॉडीपाठोपाठ (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यापाठोपाठ) लेन्सचा खर्च ठरलेलाच, आणि तो आपल्या हिशेबात कुठे दिसला नाही. एकाच दृश्याच्या १६ फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढली, तर नॉइज (कमी प्रकाशातल्या छायाचित्रात दिसणारे दाणे) सुमारे एक चतुर्थांशावर येतो. त्यासाठीची सॉफ्टवेअर मोफत मिळतात.

म्हणून मासिक बचतीतून आधी वाऱ्यात न हलणारा ट्रायपॉड आणि नंतर मोठ्या अ‍ॅपर्चरची वाइड लेन्स घ्यावी. नवे मॉडेल आले की जुन्या बॉडीची किंमत उतरते. चांगली लेन्स त्या मानाने भाव टिकवून धरते.

विक्रीच्या उत्पन्नावर हप्ता बेतणे मला धोक्याचे वाटते. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. त्यातल्या पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री आकाशगंगेसाठी वाया जातात आणि उरलेल्यांत ढग, नोकरी, प्रवास यांची कात्री लागते. गिऱ्हाईक मिळणे तर पुढचीच गोष्ट. हप्त्याची तारीख मात्र चुकत नाही. ‘बिनव्याजी’ हप्ता घेताना रोखीवर मिळणारी सूट हातची गेली, तर तेच व्याज समजावे.

वर्षाकाठी अशा मोजक्याच रात्री मिळणार असतील, तर फुल-फ्रेम बॉडी त्या रात्रींपुरती भाड्याने घ्यावी. भाड्याची वार्षिक बेरीज बॉडीच्या वर्षभराच्या घसाऱ्याहून जास्त होऊ लागली, तर खरेदीचा विचार जरूर करावा, आणि तोही त्यासाठी वेगळ्या साठवलेल्या रकमेतून. त्या वेळी विमाही घ्यावा. बंद गाडीत ठेवलेल्या सामानाची चोरी त्यात धरली आहे की नाही, हे पॉलिसीच्या अटींत आधी वाचून घ्यावे.