प्रॅक्टिस सोडून पीएचडी: आधी फेलोशिप, मग निर्णय

प्रश्न: मी 31 वर्षांचा पशुवैद्यक. एम.व्ही.एस्सी. करून चार वर्षं फलटण तालुक्यात खाजगी प्रॅक्टिस करतोय. खर्च जाऊन महिना 65,000 हातात राहतात. पत्नी शिक्षिका, पगार 42,000. मुलगी तीन वर्षांची, आईवडील सोबत. घरखर्च 45,000, गाडीचा हप्ता 11,200 आणि तो अजून 26 महिने आहे. एफडी 6 लाख, म्युच्युअल फंड साडेतीन लाख. वारंवार उलटणाऱ्या, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येणाऱ्या गायींवर मुंबईत परळच्या कॉलेजात पीएचडी करायची इच्छा आहे. त्यासाठी सोनोग्राफी मशीन विकून एफडी मोडावी का? वडील म्हणतात, त्यापेक्षा एमपीएससी दे.

उत्तर:

डॉक्टर, तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. भर उन्हात मशीनच्या पडद्यावर टॉवेल धरून तुम्ही शेतकऱ्याला तिसाव्या दिवशीच गर्भाचा ठोका दाखवता, आणि गाय रिकामी निघाली की त्याचा चेहरा बघवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. गाय एकदा उलटली की 21 दिवसांचा चारा-खुराक फुकट. ज्याच्या गोठ्यात अशा तीन गायी आहेत त्याचं वर्ष कसं जातं, हे मला माझ्या आजोळी दिसलंय. तेव्हा हा विषय अभ्यासाच्या लायकीचा आहे का, यावर माझ्याकडून वाद नाही. प्रश्न पैशाचा आहे, तो सरळ मांडतो.

पीएचडी कागदावर तीन वर्षांची. तुम्ही चार धरा, कारण जनावरांवरचं काम ऋतू आणि वेताच्या चक्राला बांधलेलं असतं. चार वर्षांत प्रॅक्टिसचं 31 लाख 20 हजारांचं उत्पन्न बुडेल. मुंबईत राहण्या-जेवण्याचे महिना 12,000 धरले तर आणखी पावणेसहा लाख. म्हणजे फेलोशिप (संशोधन करणाऱ्याला दरमहा मिळणारं विद्यावेतन) नसेल तर हा निर्णय सुमारे 37 लाखांचा आहे. राष्ट्रीय पातळीवरच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचा दर जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 आहे. त्या दराची फेलोशिप तीन वर्षं मिळाली, तर घरभाडं भत्ता सोडून 13 लाख 92 हजार येतात आणि खड्डा 23 लाखांवर येतो.

आता हा खड्डा पुढे भरून निघतो का? इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. सातव्या वेतन आयोगात सहाय्यक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं. तुमचे वडील ज्या पदाबद्दल बोलतायत, त्या पशुधन विकास अधिकारी गट-अ चं 56,100 पासून, आणि त्याला पदवी पुरते. सुरुवातीला फरक 1,600 रुपयांचा! डॉक्टरेटचा खरा पैसा पुढच्या पायऱ्यांवर आहे: सहयोगी प्राध्यापक 1,31,400 आणि प्राध्यापक 1,44,200. तिथे पोचायला बरीच वर्षं लागतात आणि जागा निघाव्या लागतात. तेव्हा ही पदवी गुंतवणूक समजून घेऊ नका. तुम्हाला जे काम मनापासून करायचंय त्याची ही किंमत आहे, आणि ती घराला पेलेल एवढी ठेवायची, एवढंच आपल्या हातात आहे.

माझं मत: फेलोशिप मिळाली तर जा. नाही मिळाली तर अजिबात जाऊ नका.

कारण घरातलं गणित बघा. फेलोशिप असेल तर तुमचे 37,000 आणि वहिनींचे 42,000, मिळून 79,000. खर्च, हप्ता आणि मुंबईचा खर्च धरून 68,200. ओढाताण होईल, पण निभेल. फेलोशिप नसेल तर दर महिन्याला 26,200 कमी पडतील. गाडीचा हप्ता मध्येच संपतो हे धरूनही चार वर्षांत दहा लाखांच्या वर जातात, आणि तुमची सगळी पुंजी साडेनऊ लाख आहे. आईवडिलांपैकी एकाचं ऑपरेशन निघालं तर मुलीच्या नावाने ठेवायला काहीच उरणार नाही.

म्हणून पुढचं एक वर्ष प्रॅक्टिस चालू ठेवून फेलोशिपच्या परीक्षेची तयारी करा. या वर्षात दर महिन्याला 25,000 बाजूला टाका; तुमच्या आकड्यांत ते बसतं. त्यातून जायच्या वेळी गाडीचं उरलेलं कर्ज एकरकमी मिटवा. एफडीतले 4 लाख हलवू नका. फेलोशिपचे पैसे कित्येकदा महिनोन्‌महिने अडकतात आणि मग एकदम येतात, तोवर घर चालायला सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवा.

टर्म इन्शुरन्स आत्ताच काढा, परळला गेल्यावर नको. विमा कंपनी उत्पन्नाचे कागद बघून रक्कम ठरवते, आणि आज तुमच्या आयटीआरवर प्रॅक्टिसचं उत्पन्न दिसतंय. पीएचडीच्या विद्यार्थ्याला एवढं कव्हर मिळणं अवघड. एक कोटीचं घ्या. सगळ्यांचा आरोग्य विमाही याच वर्षी करा. लाथ, शिंग, जनावरांकडून माणसाला होणारा ब्रुसेल्लाचा संसर्ग, तुमच्या धंद्यातले धोके मी तुम्हाला सांगायला नकोत.

मशीन विकू नका. जुन्या मशीनला भाव मिळत नाही आणि परत आल्यावर तेच नव्याने घ्यावं लागेल. एखाद्या होतकरू ज्युनिअरला ते आणि तुमचे गोठे सांभाळायला द्या. तीन-चार वर्षं फोन उचलला नाही तर शेतकरी दुसरा डॉक्टर बघतो, त्यात त्याची चूक नाही. मात्र फेलोशिप घेताना दुसरं कमाईचं काम चालत नाही. रविवारी चार गोठे करू, हा विचार मनातून काढा, आणि मशीनचं भाडं घ्यायचं असेल तर विद्यापीठाला लेखी विचारून घ्या.

वडिलांचं म्हणणंही उडवून लावू नका. एमपीएससीला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 38 आहे. एक वर्ष तयारी, चार वर्षं पीएचडी, म्हणजे तुम्ही 36 चे व्हाल आणि हाताशी दोनच वर्षं राहतील. या वर्षी जाहिरात निघाली तर अर्ज भरून ठेवा.

आणि परळच का? शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय तुमच्यापासून लोणंदमार्गे जवळ आहे आणि परळचं कॉलेज ज्या विद्यापीठाचं, त्याच विद्यापीठाचं आहे. तुमच्या विषयाचा मार्गदर्शक आणि जागा तिथे आहे का, हे आधी बघा. घरून येणं-जाणं जमलं तर मुंबईचे पावणेसहा लाख बरेचसे वाचतात आणि मुलगी रोज दिसते. जाताना चार वर्षांच्या रेतनाच्या नोंदींची तुमची वही घेऊन जा. कुठली गाय कितव्यांदा उलटली, कुठल्या महिन्यात, खुराक काय होता, हे तुम्ही हाताने लिहून ठेवलंय. मार्गदर्शकाला भेटाल तेव्हा प्रमाणपत्रांच्या आधी ती वही पुढे ठेवा.