मुलीचं ‘फुकटचं काम’ थांबवू का?

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, प्लेसमेंट तोंडावर, आणि ती रात्र रात्र लिब्रेऑफिस या मोफत, खुल्या ऑफिस सॉफ्टवेअरच्या कॅल्कमधला (एक्सेलसारखा तक्त्यांचा प्रोग्रॅम) एक्सेलच्या फाइली उघडणारा जुना कोड नीट करत बसते. पैसे नाहीत, नवं काही बनतही नाही, मग हे बंद करायला सांगू का, असं तुम्ही विचारलंय.

सांगू नका. तुम्ही स्वतः पतसंस्थेत हिशेब सांभाळता, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. जुन्या एक्सएलएस फाइलीत एका पानावर ६५,५३६ ओळी मावतात, एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. दोन्हींची आतली मांडणी पूर्ण वेगळी. त्यात एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरतं. २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस कधी उजाडलाच नव्हता! असे कितीतरी बारकावे त्या कोडला सांभाळावे लागतात. त्याची मुळं जर्मनीतल्या स्टारऑफिसमध्ये आहेत. कोडमध्ये लिहिलेल्या जर्मन टिपा इंग्रजीत आणायला स्वयंसेवकांना वर्षानुवर्षं लागली. एखादी ओळ बिनकामाची समजून काढली, की कुठेतरी कुणाच्या व्याजाच्या तक्त्यातली तारीख सरकते. म्हणून आधी चाचणी लिहायची, म्हणजे उत्तर बरोबर येतं का हे आपोआप तपासणारा छोटा कोड, मग मूळ कोडला हात लावायचा. रचना बदलली तरी उत्तर तेच यायला हवं.

नोकरीत पहिली काही वर्षं बहुतेक मुलांच्या वाट्याला दुसऱ्याचा कोडच येतो. तो वाचायला कॉलेजात क्वचितच शिकवतात. तुमची मुलगी ते शिकतेय, आणि तिचा प्रत्येक बदल अनुभवी माणसं गेरिट या कोड तपासणीच्या ऑनलाइन व्यवस्थेवर उघडपणे तपासतात. मुलाखतीत तिला ते दाखवता येईल.

पण नुसती व्हेरिएबलची नावं बदलणारे पॅच (कोडमधले छोटे बदल) फार वजनाचे नसतात, हे तिला स्पष्ट सांगा. चुकीची उघडणारी एक फाइल शोधायची, तीच चाचणीत घालायची, चूक दुरुस्त करायची आणि मग आजूबाजूचा कोड आवरायचा. असं एक काम तडीला गेलं तरी पुष्कळ.

तुमची काळजीही खोटी नाही. अ‍ॅप्टिट्यूड आणि कोडिंगच्या चाळणीत हे काम कुणी विचारणार नाही. आठवडाभर ती तयारी, शनिवार-रविवारी कॅल्क, आणि जागरण बंद. गूगल समर ऑफ कोड या, नवोदितांना खुल्या सॉफ्टवेअरवर काम देणाऱ्या उपक्रमात लिब्रेऑफिस अनेक वर्षं भाग घेत आलंय. तिथे निवड झाली तर मानधनही मिळतं.

संस्थेतल्या जुन्या एक्सएलएस फाइली परवानगीनं, खातेदारांची नावं-आकडे बदलून, तिला उघडून बघायला द्या. एखादी वाकडी उघडली, तर तिला पुढचं काम घरातच मिळालं.