वारा बघून गाव, दिवस मोजून मुक्काम

परदेशात समुद्राकाठी दोघांनी दोन-तीन महिने राहायचं, या विषयावर आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आम्ही दोघंही निवृत्त. जून ते ऑगस्ट इथला पाऊस चुकवायचा आहे. त्या दिवसांत थायलंडमधल्या फुकेतला खोल्या निम्म्या भाड्यात मिळतात म्हणे. जावं का? (खानापूर)

भाडं का उतरतं ते आधी बघा. तुमच्याकडच्या कणकुंबी-जांबोटीला झोडपणारा नैऋत्येचा वाराच फुकेत आणि क्राबीच्या किनाऱ्यावर आदळतो. मे ते ऑक्टोबर तिथे पाऊस असतो, पण पावसापेक्षा समुद्र जास्त नडतो. लाटा उंच, किनाऱ्यावर लाल झेंडे, आणि उथळ दिसणाऱ्या पाण्यात आत खेचणारी ओढ. लाल झेंडा असेल तर गुडघाभर पाण्यातही उतरू नका. ओढीत सापडलंच कुणी तर सरळ किनाऱ्याकडे हात मारत दमू नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकावं. ओढीचा पट्टा बहुधा अरुंद असतो, तो सुटला की मग किनारा धरावा.

डोंगराच्या कुठल्या अंगाला राहायचं, हे खानापूरकरांना वेगळं सांगायला नको. तुमच्याकडे पन्हळी वाहतात तेव्हा डोंगराआडच्या अथणीचा शेतकरी आभाळाकडे बघत असतो. श्रीलंकेत हेच घडतं. मधला डोंगराळ भाग वारा अडवतो, म्हणून नैऋत्येकडची मिरिसा, उनावटुना, हिक्कडुवा ही गावं जूनमध्ये खवळलेल्या समुद्रासमोर असतात, तर पूर्वेकडे त्रिंकोमालीजवळच्या उप्पुवेली आणि निलावेलीला मे ते सप्टेंबर पाणी शांत असतं. डिसेंबर ते मार्च हे चित्र उलटतं. अरुगम बेसुद्धा पूर्वेलाच आहे, पण ते लाटांवर फळीने घसरणाऱ्यांचं गाव. पाय बुडवून बसणाऱ्यांनी त्रिंकोमालीच धरावं.

इंडोनेशियातलं बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तिथे एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे दिवस. व्हिएतनाममधलं होई आन ऑगस्टपर्यंत कोरडं पण तापलेलं असतं. सप्टेंबरनंतर पाऊस लागतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात जुन्या गावात पुराचं पाणी शिरतं. तुमच्या तीन महिन्यांसाठी आम्ही एक महिना त्रिंकोमाली आणि दोन महिने बाली असं सुचवू. फुकेत जानेवारीसाठी ठेवा.

प्रश्न : व्हिसाचे दिवस नेमके कसे मोजतात? एकाच देशात ९० दिवस मिळतात का? (निपाणी)

व्हिएतनाम १५ ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा देतं. मात्र त्यावर तारखा छापलेल्या असतात. तुम्ही पाच दिवस उशिरा पोचलात तर ते पाच दिवस गेले. शेवटची तारीख पुढे सरकत नाही. इंडोनेशियात विमानतळावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा, एकदाच आणखी ३० दिवस वाढवून मिळतो. ही वाढ शेवटच्या आठवड्यावर टाकू नका, मधे त्यांचे सण आणि सुट्ट्या येतात. थायलंडने जुलै २०२४ मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस दिले होते, पण तिथले नियम वारंवार फिरतात. तिकीट काढायच्या दिवशी त्यांच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा बघा. एजंटाने ‘आहे हो, चालतंय’ म्हटलं, एवढ्यावर पैसे भरू नका.

मोजताना पोचल्याचा दिवस पहिला धरायचा. ५ तारखेला उतरलात तर तिसावा दिवस पुढच्या महिन्याच्या ५ ला नव्हे, ३ किंवा ४ ला येतो, महिना ३१ चा की ३० चा यावर. सगळ्यात जास्त माणसं रात्रीच्या विमानाने फसतात. विमान रात्री साडेबाराचं असेल, तर देश सोडल्याचा शिक्का रात्री बाराच्या आधी पडणं महत्त्वाचं. थायलंडमध्ये जादा दिवसाला माणशी ५०० बाट दंड आहे. इंडोनेशियात दहा लाख रुपिया, आणि ते दोघांचे वेगवेगळे.

प्रश्न : शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि पासपोर्टवर माझ्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांचं आहे. अडतं का? (टिळकवाडी, बेळगाव)

सीमाभागातलं हे नेहमीचं दुखणं. मराठी दाखल्यावरचा ज्ञानेश्वर ‘डी’ने सुरू होतो, कन्नड कागदावरून उतरलेला ‘जे’ने किंवा ‘जी’ने. परदेशात फक्त पासपोर्ट बघतात. तेव्हा तिकीट, व्हिसा, विमा या तिन्हींवर पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर तसंच घाला. ई-व्हिसात एक अक्षर चुकलं तर सहसा दुरुस्ती होत नाही, फी भरून नवा काढावा लागतो. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर तिकीट काढण्यापूर्वी विमान कंपनीला विचारा. पासपोर्टचंच नाव बदलायचं तर तो नव्याने काढावा लागतो. दौऱ्याच्या तोंडावर त्या भानगडीत पडू नका. परतीच्या दिवसानंतरही सहा महिने मुदत शिल्लक आहे ना, हे मात्र आजच बघा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. भाकरीशिवाय तीन महिने कसे काढायचे? (चिकोडी)

ज्वारीचं पीठ दोन-अडीच किलोच न्या. दमट हवेत महिन्याभरात ते खवट होतं. थायलंडमध्ये तांदळाचं पीठ कुठेही मिळतं, पण तीन हत्तींच्या छापाची लाल पिशवी घ्या. हिरवी चिकट तांदळाची असते, तिची भाकरी तव्याला डिंकासारखी धरते. भाड्याच्या घरात बहुधा इंडक्शनची शेगडी असते. तिच्यावर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, म्हणून लोखंडी तवा आणि लोहचुंबक चिकटेल असं एक पातेलं नेलं की भागतं. सुकं खोबरं मात्र विमानात चालत नाही, ना हातातल्या पिशवीत ना मोठ्या बॅगेत.

बाहेर खाताना ‘मांस नको’ एवढं पुरत नाही. थाई भाजीत माशाचं पाणी, इंडोनेशियन चटणीत कोळंबीची पेस्ट, श्रीलंकेच्या खोबऱ्याच्या संबोलमध्ये सुकी मासळी. थायलंडमध्ये ‘जे’ (म्हणजे शुद्ध शाकाहारी) म्हणा, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं असलेली गाडी शोधा. तिथे कांदा-लसूणही नसतो. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ म्हणजे शाकाहारी, प्यायचा चहा नव्हे.

प्रश्न : पेन्शन, पैसे, औषधं आणि भाड्याची स्कूटर? (गोकाक)

ईपीएस-९५ची (म्हणजे पीएफ कार्यालयाची) पेन्शन असेल तर हयातीचा दाखला कोणत्याही महिन्यात देता येतो आणि तो वर्षभर चालतो, म्हणून निघण्यापूर्वी देऊन टाका. बँकेचा ओटीपी येणारं सिम बंद करू नका. रोमिंग चालू ठेवा आणि इंटरनेटसाठी तिथलं सिम वापरा. कार्डावर परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून सुरू करावा लागतो. एटीएमने ‘रुपयांत हिशोब करू का’ विचारलं तर नाही म्हणा, तो दर महाग पडतो. थायलंडमध्ये दर वेळी दोनशेच्या वर बाट कापतात, तेव्हा थोडे-थोडे काढू नका.

औषधं मूळ पाकिटात आणि घटकद्रव्याच्या नावाने लिहिलेल्या चिठ्ठीसह न्या. झोपेची अल्प्राझोलाम घेत असाल तर थायलंडमध्ये ३० दिवसांपुरतीच नेता येते. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा, खालच्या सामानात ते गोठू शकतं.

स्कूटरसाठी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो वर्षभराचा असतो. त्यात दुचाकीचा वर्ग नोंदलेला आहे का ते काउंटरवरच वाचून घ्या. घरच्या परवान्यावर फक्त मोटारच असेल तर स्कूटर घेऊ नका. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिल्यांदा परवानाच मागते.