पाणथळ, लव्हाळे आणि बी.एड.चा फॉर्म

प्रश्न : मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. तिला पाणथळ जागा आणि तिथल्या रानवनस्पतींच्या संवर्धनात काम करायचंय. मी बी.एड. कर म्हणतोय. चिखलात उतरून पोट भरेल का?
– एक पालक, सिंहगड रोड

उत्तर : दादा, पोट भरेल, पण सुरुवातीची काही वर्षं ओढाताणीची जातील. यातल्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात. निधी संपला की नवं काम शोधायचं. घरच्या हप्त्यांचा हिशेब मुलीसमोर मोकळेपणानं मांडा.

आता तिची जमेची बाजू. फ्लेमिंगो बघायला पुण्यातून भिगवणला गाड्या भरून जातात, पण काठावरचं लव्हाळं कोणतं हे सांगणारा शोधावा लागतो. या कुळातल्या कित्येक जाती नुसत्या बघून कळत नाहीत, पिकलेलं बारीक फळ सूक्ष्मदर्शकाखाली धरावं लागतं. पाण्यातल्या नाजूक वनस्पतीचा नमुना करायचा तर ती ट्रेमधल्या पाण्यात तरंगत ठेवून खालून कागद सरकवायचा नि अलगद उचलायचा, नाहीतर पानांचा गोळा होतो. असा हात बसलेली माणसं थोडी आहेत. साताऱ्याकडच्या सड्यांवरचा, म्हणजे खडकाळ पठारांवरचा, वायतुरा पावसाळ्यात फुलतो, एरवी कंदरूपानं मातीत. उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्यानं ती जागा ‘ओसाड’ लिहिली तर चूक दाखवायला वनस्पती ओळखणारंच कुणी हवं.

पदवीनंतर एम.एस्सी. करू द्या, पुणे विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे, भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संस्था, दोन्हींची वनस्पतिसंग्रहालयं (वाळवलेल्या नमुन्यांची) पुण्यातच. तिथे रीतसर अर्ज करून सुट्टीत काम मिळतंय का, हे तिनं स्वतः विचारावं. पक्की नोकरी हवी तर एमपीएससीची वनसेवा. वनस्पतिशास्त्राचे पदवीधर पात्र असतात. २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेलं नांदूर मधमेश्वर वनखात्याकडेच आहे. वनसेवेच्या भरतीत लांब पल्ल्याची चालण्याची चाचणी असते, तयारी आत्तापासून हवी.

बी.एड. पुढेही करता येईल. या पावसाळ्यात तिला पाषाण तलावाच्या काठाची यादी करू द्या : देशी काय, जलपर्णी आणि बेशरम ही परकी तणं कुठवर पसरलीत, दर महिन्याला काय बदललं. दिवाळीपर्यंत वही चालू राहिली तर फॉर्मचे पैसे वाचवा आणि तिला चांगलं भिंग घेऊन द्या.