एके किंवा इन्साससारख्या रायफलीत रबरी बफर टाकून काही फायदा होतो का?

तुम्ही विचारलंय की लष्करी पद्धतीच्या रायफलीत मागे रबराचा बफर बसवला तर झटका कमी होतो का, नेम सुधारतो का आणि रायफल जास्त टिकते का. मी सैन्यात आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो, आता परभणीजवळ गावी असतो. माझं मत विचाराल तर नेम सुधारत नाही, झटका नावापुरता कमी होतो आणि चांगली रायफल त्याच्याविनाच टिकते.

नेमाचं बघा. गोळी नळीत जेमतेम एक मिलिसेकंद असते. बोल्ट कॅरियर, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर मागेपुढे होणारा आतला जड भाग, मागे जाऊन आपटतो तो त्याच्या कितीतरी नंतर. तोवर गोळी केव्हाच निघून गेलेली. पटापट फायर करताना पुढच्या गोळीला नळी थोडी कमी हलेल, एवढंच.

झटका ठरतो तो गोळीचं वजन, वेग, दारू आणि रायफलीचं वजन यांवर. इन्सासच्या आधीच्या जुन्या एसएलआर रायफलीची ७.६२ मिमीची गोळी साडेनऊ ग्रॅमची, इन्सासची ५.५६ मिमीची चार ग्रॅमची. रायफली दोन्ही चार-साडेचार किलोच्या. म्हणून एसएलआर खांदा शेकून काढायची. बफर यातलं काहीच बदलत नाही, फक्त कॅरियरची शेवटची आपट मऊ करतो. मोंढ्यात हमाल वरून आलेलं कट्टं झेलताना गुडघ्यात वाकतो, तसंच. कट्ट्याचं वजन तेवढंच, अंगावर येतं जरा सावकाश.

एकेसाठी मिळणारा बफर म्हणजे रिकॉइल स्प्रिंगच्या (कॅरियरला परत पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगच्या) बुडाशी बसणारा, काही मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेनचा तुकडा. तेवढी कॅरियरची मागची धाव घटते. एकेत ती मुळातच सढळ ठेवलेली असल्याने रायफल बहुधा चालते, पण तो सढळपणा उगी ठेवलेला नाही. आत घाण साचली किंवा राउंड (काडतुसं) कमजोर निघाले की तोच कामी येतो. शिवाय मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचं राउंड वर ढकलायला वेळ कमी मिळतो. त्यात तेल, उष्णता आणि मार खाऊन या तुकड्याच्या कडा तुटतात नि तुकडे खाली ट्रिगरच्या भागांत पडतात. एसकेएस या जुन्या रशियन रायफलीत तर शेवटच्या राउंडनंतर बोल्ट मागे अडकायला हवा, धाव कमी पडली की तो अडकतच नाही.

एआर-१५, एम१६ या अमेरिकन रायफलींच्या घराण्याचं वेगळं. तिथे बफर दस्त्यातल्या नळीत, मूळ यंत्राचाच भाग आहे. कार्बाइनचा, म्हणजे त्यातल्या आखूड रायफलीचा, साधा बफर साधारण ८५ ग्रॅमचा, एच३ नावाचा जड बफर सुमारे १५८ ग्रॅमचा. व्हिएतनाम युद्धाच्या काळात काडतुसातली दारू बदलल्यावर एम१६ चा फायरिंगचा वेग वाढला, तेव्हा अमेरिकनांनी बफरच जड केला. म्हणजे तिथे वजन बदलून खरंच फरक पडतो, पण गॅस, स्प्रिंग आणि बफर यांचा मेळ बसला तरच. फार जड टाकलात तर कॅरियर पूर्ण मागे येत नाही आणि रिकामी केस, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं कवच, अडकते.

रायफल फार आपटते अशी तक्रार आली की मी आधी रिकॉइल स्प्रिंग काढायचो. थकलेली स्प्रिंग नवीच्या शेजारी ठेवली की आखूडपणा डोळ्यांनी दिसतो. मग गॅस रेग्युलेटर, म्हणजे कॅरियरला मागे ढकलणारा दारूचा गॅस कमी-जास्त करायचा भाग. एसएलआर गरजेपेक्षा जास्त गॅस घेत असली तर कॅरियर जोरात मागे येतो, केस लांब फेकली जाते. रेग्युलेटरची खाच बदलली की बरीचशी तक्रार तिथेच मिटायची.

जालना-हिंगोलीच्या एसआरपीत असाल नि रायफल सरकारी असेल, तर बाहेरचा कुठलाही पार्ट त्यात टाकू नका. तपासणीत उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. बाकी सामान्य माणसाला एके-इन्सासचा परवाना आपल्याकडे मिळतच नाही.

घरी परवान्याची बारा बोर असेल आणि खांदा दुखतो म्हणून विचारत असाल, तर बटाच्या मागे लावायचं रबरी पॅड खुशाल घ्या, त्याने खरंच आराम पडतो. फक्त फार जाड घेऊ नका. बटाची लांबी वाढते आणि थंडीत स्वेटरवर बंदूक उचलताना बट काखेतच अडकतो.