गोळ्या बंद करून आहार, योग, आयुर्वेद अशा होलिस्टिक पद्धतीने शुगर कायमची बरी होते का?

होलिस्टिक म्हटलं की मला आमचे भावजी आठवतात, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव बेळगावजवळचं येळ्ळूर. आप्पांना एकसष्टाव्या वर्षी शुगर निघाली. सकाळ-संध्याकाळ गोळी, तीन वर्षं बरं चाललं होतं. मग भावजी खानापूर बाजूच्या कुणाकडून तरी काढा घेऊन आले. म्हणे, गोळ्यांनी किडनी जाते, हा मुळातून बरं करतोय. आमच्याकडे जावई बोलला की विषय मिटला. आप्पांनी गोळ्या सोडल्या आणि घरात कुणाला कळू दिलं नाही.

लावणीचे दिवस. आप्पा दिवसभर अनवाणी चिखलात. एका संध्याकाळी आईला सोप्यात तांबडे ठिपके दिसले, मोरीपासून थेट स्वयंपाकघरापर्यंत. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली बाभळीचा काटा आत मोडलेला होता, भोवतीची कातडी पांढरी पडलेली. "कधी टोचला हो?" तर आप्पा आमच्याच तोंडाकडे बघतायत. त्यांना दुखलंच नव्हतं. शुगरनं तळपायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. दीड महिना ड्रेसिंग केलं आणि शेवटी अंगठा काढावा लागला.

भावजी म्हणाले, काढा अर्धवट घेतला म्हणून झालं. मी तोंडाला येईल ते बोललो. दोन वर्षं येणं-जाणं बंद होतं.

आता खरं सांगतो. ऑपरेशननंतर आप्पांच्या सुपारीच्या डब्यात तळाला घडी घातलेला एक कागद मिळाला. शुगर निघाली तेव्हा दवाखान्यातून दिलेला. पाय रोज बघा, अनवाणी फिरू नका, जखम झाली तर लगेच या. सगळं कानडीत. आप्पा मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. सीमाभागात हे 1956 पासून चाललंय, त्यावर भांडायला मी केव्हाही तयार आहे. पण मला कानडी वाचता येतं की! उद्यमबागच्या फौंड्रीत वीस वर्षं तेच वाचतोय. रोज जेवण झालं की त्याच डब्यातली सुपारी खात होतो.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर 'कायमची' हा शब्द काढून टाका. वजन चांगलं उतरवलं, तर टाइप 2 वाल्या काहींची शुगर गोळीशिवाय ताब्यात राहते, विशेषतः दुखणं नवीन असेल तर. गोळ्या बंद होऊन किमान तीन महिने झाल्यावर एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी) 6.5 टक्क्यांच्या खाली असेल, तर डॉक्टर त्याला रेमिशन म्हणतात. पुन्हा वाढू शकते, म्हणून तपासणी सुटत नाही. आणि गोळ्या डॉक्टरच कमी करत आणतात, सासुरवाडीला आलेला जावई नव्हे. किडनीचं म्हणाल तर ती वाढलेल्या शुगरनंच जाते.

मला स्वतःला आता सात वर्षं शुगर आहे. गोळी चालू आहे. रात्रीचा भात बंद केला (येळ्ळूरच्या माणसाला हे काय असतं ते येळ्ळूरच्याच माणसाला विचारा), पहाटे राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत चालून येतो, झोप वेळेवर. झोपताना दाढीचा आरसा खाली ठेवून तळपाय बघतो. बायको हसते.

आयुर्वेदावर माझा राग नाही. शहापुरातल्या एका वैद्यांनीच मला गोळी सोडू नको म्हणून दम दिला होता. राग आहे तो लेबल नसलेल्या बाटलीवर. हो, आणि तुमची टाइप 1 (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही ती) असेल तर वरचं रेमिशनचं विसरा, इन्सुलिन एक दिवसही चुकवू नका.

भावजी गेल्या चतुर्थीला आले होते. त्यांनाही शुगर निघालीय, काढा चालू आहे. जेवण झाल्यावर मी आरसा आणला आणि म्हटलं, पाय दाखवा. आधी चिडले. मग मोजा काढला.

टाचेला ही एवढी भेग होती.