सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे नवे अ‍ॅडमिन झालात?

आधी एकाच ग्रुपवर सगळं भागवणं थांबवा. पाणी बंद असल्याची सूचना 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली गाडली जाते आणि बोलणी तुम्हाला बसतात. सूचनांचा ग्रुप वेगळा, गप्पांचा वेगळा. सूचनांच्या ग्रुपवर संदेश पाठवायची परवानगी सेटिंगमध्ये जाऊन फक्त अ‍ॅडमिनना ठेवा. अ‍ॅडमिन दोघं तरी हवेत.

सूचनेत 'उद्या' लिहू नका, कारण काही जण ती रात्री बारानंतर वाचतात. तारीख, वेळ, विंग पहिल्याच ओळीत. नोटिशीचा नुसता फोटो टाकलात तर नंतर शोधताना सापडत नाही. मजकूर टाइपही करा.

खरी डोकेदुखी गप्पांच्या ग्रुपवर. संदेशावर दुहेरी बाण दिसला, म्हणजे तो किमान पाच वेळा फॉरवर्ड होत आलाय. मुलं पळवणाऱ्या टोळीचे संदेश असेच फिरतात. 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेपायी जमावाने पाच जणांना ठार मारलं. तेव्हा 'खरं असेल तर?' असा घोळ घालत बसू नका. संदेश दाबून धरा, डिलीट, सर्वांसाठी. अ‍ॅडमिनला दुसऱ्याचाही संदेश काढता येतो. पाठवणाऱ्या काकांना मात्र खासगीत फोन करा. चारचौघांत टोकलंत की ते ग्रुप सोडतात आणि पुढच्या सभेत वचपा काढतात.

मतं आजमावायला पोल चालतो, पण कोणी कुठे मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. ठराव सभेतच करा. थकबाकीदारांची नावं तर कुठल्याच ग्रुपवर नकोत.